भोंग्याच्या मनोऱ्यावरचं चाक

सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या बाजूनं पिळल्यावर घट्ट होतं, त्या बाजूनं पिळलं की ते पॅडल सुटून हातात येतं.

*

आमच्या वाडीच्या दूध डेअरीवर एक भोंगा होता. लोखंडी अँगलच्या उंच मनोऱ्यावर बसवलेला. दूध घालायची वेळ झाली की सकाळ-संध्याकाळ वाजायचा. म्हशी त्याच्या आवाजाला पान्हा सोडायच्या. पुढं डेअरीची नवी इमारत झाली आणि भोंगा मुका झाला. म्हशींना काही दिवस ते कळलं नाही.

*

शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग. त्याचा एक डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण उघडत नाही.

*

धोंडीतात्यांच्या एका बैलाचं नाव शिरपती होतं. बाजारातून आला तोच ते नाव घेऊन. माझी आई त्याला "तात्यांचा तो बैल" म्हणायची, कारण माझ्या वडलांचं नाव श्रीपती. लग्नात उखाणा घेताना आईनं ते नाव इतकं हळू घेतलं की आत्यानं पुन्हा घ्यायला लावलं. आईनं घेतलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

*

जोतिबाच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या जातात. घराहून उंच काठी एक माणूस कमरेच्या पट्ट्यात उभी धरतो आणि नाचवतो. ती पडत नाही, कारण चार बाजूंनी चार दोऱ्या धरलेल्या असतात. त्यांना तोरण्या म्हणतात. सगळे काठी नाचवणाऱ्याकडे बघतात. तोरणी धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

*

त्या वर्षी आईनं तांदूळ निवडायचं सोडून दिलं.

*

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. जोडते.

मी घरी आले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात डेअरीच्या मनोऱ्यावर बसले होते. मनोरा आडवा होता. त्याचं एक टोक गोठ्यात आणि दुसरं तुळशीपाशी. भोंगा काढलेला होता, पण पक्ष्यांची जुनी घरटी तशीच होती. आबा मांडी घालून एका गंजलेल्या बोल्टला केरोसीन पाजत होते.

शिमगा होऊन गेला होता. मी तेव्हा कोल्हापुरात उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात होते. जळालेल्या मोटरीची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे माझं काम. दुकान नव्या जागेत हलत होतं, म्हणून यात्रेपर्यंत सुट्टी मिळाली होती.

आई सोप्यात, पुढच्या ओसरीत, बसली होती. तिनं माझ्याकडे वळून न बघताच विचारलं, "चपला नव्या घेतल्यास व्हय?"

घेतल्या होत्या. मला वाटलं, खर्च केला म्हणून टोमणा आहे.

मी विचारलं, अंगणात हे काय पडलंय. आई म्हणाली, "भोंगा आणलाय तुझ्या बापानं. आता तेवढी एक म्हैस आणा म्हणावं, म्हणजे डेअरी झाली."

आबांनी ऐकलं नाही. उभा जन्म लाकूड कापायच्या गिरणीत आणि रंध्यावर गेल्यामुळे त्यांचे कान अर्धे झाले होते. उरलेले अर्धे ते सोयीनं वापरायचे.

आमचं घर वाडीपासून सुटं, माळावर. विजेचे खांब वाडीपाशी येऊन थांबले होते ते थांबलेच. आबांनी डेअरीच्या नव्या इमारतीची दारं आणि खिडक्या केल्या आणि बदल्यात घाणेरीच्या झुडपांत पडलेला हा मनोरा मागितला. चेअरमन हसले म्हणे. म्हणाले, न्या, पण भोंगा वाजवू नका, म्हशी फिरतील.

त्यावर आबांना पवनचक्की बसवायची होती. तीन पाती, मागे शेपूट, पोटात मोटर. हे खूळ कुठून आलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "तार तू गुंडाळ. बाकीचं माझं."

*

जेवताना आईनं तिचं सांगितलं. यात्रा झाली की ती बळवंताकडे इचलकरंजीला जाणार होती. बळवंत माझा भाऊ, सूतगिरणीत होता. आठ दिवसांसाठी नव्हे. राहायला.

मी आबांकडे बघितलं. ते भाकरी मोडत होते.

ती म्हणाली, तिकडे नळ आहे, पंखा आहे, जिन्याला कठडा आहे. कठड्याचं मला नवल वाटलं. एवढ्या लांब कोणी कठड्यासाठी जातं का?

"दिवा हितंबी लागंल," आबा म्हणाले.

"मला दिवा काय करायचाय?"

"यात्रेपतोर थांब. तवर चाक फिरवून दावतो. न्हाईच फिरलं तर मीच तुला यष्टीत बसवून देतो."

"आणि फिरलं तर?"

"फिरलं तर बस तितं सोप्यात. आणि मग ठरीव."

आई हसली. ताट पुढे सारताना तिचा हात तांब्याला लागला आणि पाणी सांडलं. आबांनी आपलं धोतर आवरून घेतलं.

मी ठरवलं, हे चाक फिरवायचंच. माझे आईबाप एकमेकांशी भांडल्याशिवाय एक दिवस राहिले नव्हते. ते दोन गावांत राहून कसं जमणार?

*

इथे तारेबद्दल चार ओळी. कंटाळा आला तर वगळा.

भंगारातल्या मोटारगाडीच्या रेडिएटरपुढच्या पंख्याची मोटर. वीज दिली की ती फिरते, आणि फिरवली की वीज देते. फक्त फार जोरात फिरवावी लागते. म्हणून मी आतली जाडी तार काढून बारीक तार भरपूर वेढ्यांनी गुंडाळली, आणि चाकाचा वेग वाढवायला मध्ये सायकलची चेन टाकली. मोठं दातेरी चाक पात्यांकडे, छोटं मोटरीकडे. चाकाचा दांडा जुन्या मळणी यंत्राचा. दांड्याच्या टोकाला आटे, त्यावर पाती, त्यावर नट.

तो नट लक्षात ठेवा.

*

भांडणं झाली. पहिलं जागेवरून.

विहिरीकडच्या बांधावर वारा नुसता धावत असायचा. आडोसा नाही, झाड नाही. आबांनी मात्र खड्डा मारला तो घराच्या मावळतीला, सोप्याच्या बरोबर समोर. मी सांगितलं, बांधावर दुप्पट वारा आहे. ते म्हणाले, वायर लांब पडते. मी म्हटलं, वायर मी आणते. ते म्हणाले, खड्डा झालाय. मी म्हटलं, खड्डा मी बुजवते.

"हितंच," ते म्हणाले. आणि कानाची सोय वापरली.

दुसरं पात्यांवरून. आबांनी शिवणीचं लाकूड काढलं होतं. हलकं आणि ऊन-पावसात न वळणारं. वाकसानं तासताना ते पात्यावर असं वाकायचे की जणू त्याला काही सांगताहेत. पहिलं पातं होत आलं तेव्हा मी ते हातात धरून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की त्याचा पीळ उलटा आहे.

"आबा, हे उलटं फिरंल."

"कुठनं बघून उलटं?"

"पुढनं."

"पुढनं बघाय कोण हाय? माळावरची कोल्ही." त्यांनी रंधा खाली ठेवला. "घर मागल्या अंगाला हाय. घरातनं बघितल्यावर ते देवाला फेरी घालतात तसं फिराय पायजे. उजव्या अंगानं."

मी समजावलं की पुढून डावीकडे फिरलं तर नट हळूहळू ढिला होत जाईल. प्रत्येक फेरा त्याला थोडा थोडा सोडवील. ते म्हणाले, मग घट्ट आवळ. मी म्हटलं, पात्यांचा पीळच बदला. ते म्हणाले, तुझ्या आईला उलटं फिरणारं काही बघवत नाही, तिच्यासमोर जातंसुद्धा उलटं ओढू नये.

हे खरं होतं. आईचं तसं होतंच. मी त्या नटावर त्याला आवळून धरणारा दुसरा चेकनट चढवला आणि पान्ह्यावर लोंबकळून आवळला.

तिसरं भांडण रंगावरून. पांढरा किंवा तांबडा, असं माझं म्हणणं. ते शाळेच्या कामातून उरलेला फळ्याचा काळा रंग घेऊन आले. एवढी देखणी पाती आणि त्यांना काळं फासायचं. मी म्हटलं, उन्हात तापतील. पडवीतून आई म्हणाली, "काळंच फासू दे त्यास्नी. पैलंदाच स्वतःच्या हातानं फासाय लागल्यात."

आबांना ते ऐकू गेलं. ते हसत हसत दुसरा हात देत राहिले.

*

मनोरा उभा करायला धोंडीतात्या सासनकाठीची माणसं घेऊन आले. तेच आमचे सर्वांत जवळचे शेजारी आणि वाडीच्या काठीचे मानकरी. मला धास्ती होती. कप्पी नाही, क्रेन नाही. तात्या म्हणाले, देवाची काठी उभी करणाऱ्यांना हे काय सांगायचं.

त्यांनी मनोऱ्याच्या डोक्याला चार दोर बांधले, चार दिशांना चार जोड्या उभ्या केल्या, पायथ्याशी आबांना. कोणी आवाज दिला नाही. तोरणी धरणारे एकमेकांच्या हाताकडे बघतच नाहीत, दोराच्या ताणावरून त्यांना कळतं. एकानं सोडलं की समोरच्यानं घेतलं. मनोरा झोपलेल्या माणसानं कुशीवर उठावं तसा उठला. "चांगभलं" झालं. कुणीतरी गुलाल टाकला. एकाला तो नाचवायचाही होता. आबांनी त्याला हाकललं.

बोल्ट आवळण्याआधी तात्यांनी सोप्याकडे तोंड करून विचारलं, "वैनी, तुमी बघा बरं. सरळ हाय का?"

"सरळ हाय की," आई म्हणाली.

मनोरा तेव्हा एका अंगाला चांगलाच झुकलेला होता. दोन दोर अजून ढिले होते. सगळी माणसं हसली.

"वैनीचं काय सांगावं," तात्या म्हणाले. "एवढी वर्सं वाकड्याबरूबर काढली. त्यास्नी सरळच दिसणार."

आईही हसली. सगळ्यांच्या नंतर आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

*

चाक फिरलं. चैत्रातला दुपारनंतरचा वारा मावळतीकडून येतो, आमच्या माळावर तो उतरणीला लागलेल्या गुरांसारखा येतो. पाती आधी आळसावली, मग एकमेकांत मिसळली. चेन कुरकुरली. सोप्यातला छोटा दिवा लागला. पिवळा, मरगळलेला, पण लागला.

मी टाळ्या वाजवल्या. मागे वळून बघितलं तर आबा दिव्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघत होते.

"अगं, जरा हिकडं सर," ते तिला म्हणाले. "भिताडाला पाठ लाव."

"का?"

"तितं वारं लागतंय."

वारा सगळीकडे सारखाच लागत होता. आई सरकली. मावळतीचं ऊन मनोऱ्यामागून येत होतं आणि पात्यांच्या सावल्या अंगणावरून, पायरीवरून, तिच्या अंगावरून जात होत्या. ऊन, सावली, ऊन, सावली. आईनं तोंड वर केलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, डोळे मिटून ती काही चाखते आहे. डोळे उघडे होते.

"काय?" आबांनी विचारलं.

"काय न्हाई. फिरतंय."

"कुठल्या अंगानं?"

"उजव्या."

आबा उठून गोठ्यात गेले. गोठ्यात काही काम नव्हतं, तरी बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

एक तुकडा राहिला. मला त्या सावल्यांचा त्रास व्हायचा. संध्याकाळी सोप्यात बसून काही करायचं म्हटलं की समोर सगळं लुकलुकायचं. मी एक दिवस बांबूचा तट्टा आणून सोप्याला लावायला घेतला. आबांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि चुलीत घातला. अख्खा. ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. तट्टा जळेपर्यंत चुलीसमोर बसून राहिले.

मी आईला विचारलं, ह्यांना झालंय तरी काय. ती म्हणाली, "म्हातारपण. दुसरं काय?" आणि तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं. "तुझी बोटं रिकामीच हायत. निवड."

तिचं गाठोडं उतरंडीशेजारी बांधून तयार होतं. चाक फिरत होतं, दिवा लागत होता, पण गाठोडं सुटत नव्हतं. आबा येता-जाता त्याच्याकडे बघायचे. विचारत नव्हते. ती सांगत नव्हती. यात्रा दोन दिवसांवर आली होती. यात्रेहून परतताना बळवंत तिला न्यायला येणार होता.

*

त्या संध्याकाळी वारा जास्तच होता. आबा म्हणाले, शेपटीची दोरी ओढून चाक कडेला वळवतो, नाहीतर पाती झिजतील. दोरी मनोऱ्याच्या पलीकडच्या पायाला बांधलेली. ते तिकडे जाऊन चाकाच्या बरोबर खाली गाठ सोडत बसले. मी सोप्यात सूप घेऊन. आई तिच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून, उन्हाकडे तोंड करून.

"शालन," ती म्हणाली, "सावली लंगडतीया."

मला कळलं नाही. मी म्हटलं, काय?

"बघ की. एक. दोन. आणि तिसरी मागं राहतीया."

मी भिंतीकडे बघितलं. मला नुसती लुकलुक दिसली. मी तसं सांगत होते तेवढ्यात ती उभी राहिली.

"अहो!"

आबांनी मान वर केली नाही.

"अहो, तितनं उठा! अहो, ऐकताय न्हवं!"

वारा समोरून येत होता. तिची हाक तिच्याच तोंडावर परत येत असणार. आणि ऐकू गेली असती तरी काय? 'अहो' ही हाक त्यांनी इतकी वर्षं न ऐकल्यासारखी करून ऐकली होती. ती जेवणाची असायची, सरपणाची असायची. उठण्याची नसायची.

मी सूप टाकून उठले, पण माझ्या आधी आईनं छाती भरून श्वास घेतला.

"शिरपती!"

पुन्हा एकदा, त्याहून मोठ्यानं. "ए शिरपती!"

आबा उठले. लहान पोर आईनं हाक मारल्यावर उठतं तसे उठले. दोरी तशीच टाकली. त्यांना त्या नावानं बोलावणारी एकच बाई होती आणि तिला जाऊन जमाना झाला होता. ते मनोऱ्याच्या पायांमधून वाट काढत सोप्याकडे चालू लागले, तोंड उघडं, दोन्ही हात थोडे पुढे. काही चुकलं का, असं विचारणारा चेहरा.

वारा क्षणभर पडला.

तोवर वाऱ्यानंच चाक दांड्यावर दाबून धरलं होतं. वारा पडला तसं ते पुढे सरकलं आणि सुटलं. ते पडताना मी बघितलं. आवाज ऐकला. दोरी बांधलेल्या पायाशी, जिथे आबा बसले होते तिथे, एक पातं जमिनीत उभं रुतलं आणि थरथरत राहिलं. बाकीची दोन तुटून बाजूला गेली. दोन्ही नट कुठे उडाले ते आजवर सापडले नाहीत.

आबा मागे वळलेच नाहीत. त्यांना आवाज नीट ऐकूही आला नसावा. ते आईकडेच बघत होते.

आई पायरी उतरली आणि चालत सुटली. अंगणात आबांचा सुतारकामाचा ठोकळा होता, सकाळीच त्यांनी जागा बदलून ठेवला होता. आई सरळ त्याच्यावर गेली. एवढा मोठा ठोकळा, उन्हात, तिच्या समोर. आबांनी धावत येऊन तिला धरलं नसतं तर ती तोंडावर पडली असती.

मी दारातच थांबले.

तिनं दोन्ही हातांनी त्यांचं डोकं चाचपलं. कान, मान, खांदे. बोटं परत डोक्यावर.

"लागलं कुठं?"

"न्हाई."

"खोटं बोलू नगा."

"न्हाई लागलं म्हणतो की." मग जरा थांबून, "मगाशी काय म्हणालीस?"

"काय न्हाई."

"काहीतरी म्हणालीस. मी ऐकलं."

"तात्यांच्या बैलाला हाक मारली."

"त्यो बैल मेला की गं, दोन पावसाळे झाले."

"म्हणून तर वरडून मारली."

आबा हसायला लागले. हसता हसता खाली बसले, तिथेच, धुळीत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागे वळून ते रुतलेलं पातं बघितलं. हसणं थांबलं नाही, पण आवाज थांबला.

*

ते पाती गोळा करायला गेले तेव्हा मी आईला पायरीवर बसवलं. तिच्या नडगीतून रक्त येत होतं. ते पुसत मी विचारलं, "आई, तुला दिसत न्हाई?"

"हळू बोल," ती म्हणाली. "ह्यास्नी ठाव न्हाई. जरा अंधूक दिसतं, एवढंच सांगितलंय."

चपला, तांदूळ, तांब्या, झुकलेला मनोरा. सगळे तुकडे माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"एका जागी बसून असले की ऊन कळतं," ती म्हणाली. "कोण आडवं आलं तर ते कळतं. बाकी आता काय न्हाई. घर हाताला पाठ हाय म्हणून चाललंय." तिनं साडीचा काठ नीट केला. "उद्या हाताला धरून न्यावं लागंल. भाकरी थापून द्यावी लागंल. ह्या वयात त्यांनी आंधळ्या बायकूचं करत बसायचं व्हय? बळवंताकडं सून हाय, नातवंडं हायत. तितं खपून जाईल. म्हणून चालले. तू बोलायचं न्हाईस."

मी शब्द दिला.

अंगणाच्या टोकावरून आबांनी ओरडून विचारलं, "शालन, उलट्या आट्याचा नट कुठं मिळतो?"

*

मिळत नाही. करून घ्यावा लागतो. मी दुसऱ्या दिवशी चाकाचा दांडा घेऊन पहिल्या गाडीनं उद्यमनगरात गेले. लेथवरचा माणूस म्हणाला, पात्यांचाच पीळ का बदलत नाही, सोपं पडेल. मी म्हटलं, नाही, फिरायचं त्याच बाजूनं आहे. त्यानं सायकलच्या डाव्या पॅडलसारखे उलटे आटे पाडून दिले, दांड्यालाही आणि नटालाही, वर आडवी पिन. आबांनी दोन नवी पाती तासली होती. रंग ओला होता. तात्यांची माणसं काठी घेऊन डोंगराला निघण्याआधी एक फेरा आमच्याकडे मारून गेली आणि चाक वर चढलं.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बळवंत आला, कपाळावर गुलाल, हातात दवण्याची जुडी. ऊन कलत होतं. आई तिच्या जागेवर बसली होती. चाक फिरत होतं. त्यानं गाठोडं उचललं आणि म्हणाला, चल आई, गाडी चुकेल.

आबा मनोऱ्यापाशी होते. ग्रीस लावायला गेले होते, पण डबा बंदच होता.

"गाठोडं खाली ठेव," आई म्हणाली.

"का गं?"

"हे परत लंगडलं तर ह्यास्नी हाक कोण मारणार?"

"शालन हाय की."

"शालन काय बापाचं नाव घेणार हाय?"

बळवंतला काही कळेना. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. तिकडून आबांनी विचारलं, "काय म्हणती?"

"काय न्हाई म्हणती," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी ग्रीसचा डबा खाली ठेवला. मग परत उचलला. मग तो हातात तसाच धरून ते सोप्याकडे आले, आणि तिच्या अंगावरून जाणाऱ्या सावल्या अडणार नाहीत असे, जरा बाजूला, पायरीवर बसले.

*

आदल्या कार्तिकात आईला बाहेर बसवून तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं की हिला आता ऊन आणि सावली, एवढंच कळत राहील.